घाण्याच्या गाण्यात सुरेशचं नाव

आधीच सांगते, इथले भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. वाशिंदला माझं मेडिकलचं दुकान आहे. दिवसातून एखादी तरी बाई कडेवर पोर घेऊन येते आणि म्हणते, "दृष्ट लागलीय हो, पण तापपण आहे." मी तिला सांगते, दृष्ट घरी काढ, तापाचं औषध इथे घे. असा माझा स्वभाव. त्यामुळे पुढचं वाचून "बघा, शेवटी तुम्हीपण मानायला लागलात" असं कोणी म्हणू नये. मी अजून काहीच मानत नाही. पण जे झालं ते भर सकाळी झालं, मांडवात वीसेक बायका बसलेल्या असताना झालं, आणि त्यात एका चांगल्या पोरीचं वाटोळं झालं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. नावं सगळी बदलली आहेत.

माझी मावशी मुरबाड तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही. मुरबाडहून डोंगराच्या अंगाला एसटी जाते, ती जिथून परत फिरते तिथून ओढा ओलांडून गेलं की तिचं घर. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या. मावशी कामाला दांडगी आणि तोंडाने त्याहून दांडगी. भाताच्या आवणीला शेतात असो नाहीतर लग्नात, गाणं तीच उचलायची. आणि तिचं गाणं म्हणजे गोड गोड काही नसायचं... सरळ सरळ खेचाखेची.

आमच्याकडे लग्नाआधी घाणा भरतात. दोन मुसळं एकत्र बांधून त्यांना आंब्याची पानं लावायची, उखळात हळकुंडं टाकायची, आणि सवाष्णींनी मिळून ती कांडायची. कांडताना गाणं. आधी देवांची नावं, मग घरातल्या माणसांची. बाकी घरांत म्हणतात की अमका मोठा शहाणा, तमकी मोठी गुणाची. मावशीच्या घाण्यात मात्र ज्याची त्याची अब्रू निघायची. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, एकदा म्हसा गावच्या जत्रेत बैल विकायला गेले आणि दारू पिऊन बैल तिथेच बांधून घरी आले. ते तिने असं बांधलं होतं:

घरधनी माझे गो मिशीला तेल,
जत्रेला गेले नि इसरले बैल.

मी बारावीला पहिली आले तेव्हा सगळ्यांनी पेढे दिले, मावशीने हे दिलं:

भाची माझी शिकली गो शाळेत गेली,
चुलीपाशी बसता भाकर करपली.

तिच्या दिराचा मुलगा दिलीप, शेजारच्याच घरातला, कामचुकार म्हणून प्रसिद्ध:

दिल्या माझा पुतण्या गो बोलाया वाघ,
आवणीच्या दिशी त्याच्या पायाला आग.

आणि तिचा स्वतःचा मुलगा सुरेश. लग्नाच्या वरातीत घोडं बघून त्याची गाळण उडाली, आणि वरात घरी आली त्याच रात्री त्याची ओवी झाली:

सुऱ्या माझा लेक गो नवरा झाला,
घोड्याला भिऊन पायीच आला.

आमच्या घराण्यात कोण काय होतं हे मला या ओव्यांमुळेच ठाऊक आहे. कोणाकडे जुने फोटो नाहीत, ही गाणी आहेत. आणि त्यांचा एक कायदा होता. घरात जिवंत असलेल्या प्रत्येकाला ओवी मिळायची. एकदा भांडणावरून मावशीने धाकट्या जावेला गाळलं, तर ती बाई मांडवातच रडत बसली. पाहुणे तिची समजूत घालत राहिले आणि शेवटी मावशीला दोन ओळी म्हणाव्या लागल्या. ती नावं ठेवायची म्हणजे तुम्ही घरातले... नाव घेतलं नाही म्हणजे परके. मेल्या माणसाला मात्र ती गाण्यात कधीच घ्यायची नाही. आजोबांची ओवी सगळ्यांत मजेशीर होती, पण ते गेल्यावर ती बंद झाली. मी विचारलं तर म्हणाली, "मेलेल्याची थट्टा नाय करायची गो. त्याला उत्तर देता येत नाय."

आता सुलीबद्दल. सुली म्हणजे सुरेशची बायको. शहापूरकडची, तानसाच्या बाजूच्या एका पाड्यावरची, अबोल आणि भलती कामसू. लग्नानंतर दोनेक वर्षांत सुरेशचं आणि काकांचं जमिनीवरून वाजलं. कामाला जातो म्हणून तो निघाला तो गेलाच. फोन बंद. पोलिसात तक्रार झाली, ओळखीच्या सगळ्या ठिकाणी चौकशी झाली. काही नाही. मावशीने त्यानंतर गाणं सोडलं. सुली घरात आल्यापासून घरात दुसरं लग्न झालंच नव्हतं, त्यामुळे तिची ओवी व्हायची राहिली. एकदा मला हसत म्हणाली होती, "ताई, मला अजून गाण्यात घेतलंच नाय. म्हंजी मी पाव्हणीच की."

मग मावशीला लकव्याचा अटॅक आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शब्द म्हणून एक उरला नाही, फक्त घशातून "आं... आं..." असा आवाज. चार वर्षं तिचं सगळं सुलीने केलं. सगळं म्हणजे सगळं... हगणं, मुतणं, आंघोळ, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणं. औषधं मी पाठवायचे, पण ती वेळेवर पोटात जायची ती सुलीमुळे. माझ्या दुकानात येणाऱ्या पोटच्या मुली आईचं इतकं करत नाहीत, हे मी रोज बघते.

ज्या दिलीपच्या नावाने आम्ही आयुष्यभर हसलो, त्याने एक शहाणपणाचं काम केलं. त्याच्या कंपनीत एक जण होता, वाशिंदला राहणारा, बायको वारलेली, पदरात लहान मुलगी. दिलीपने सुलीसाठी विषय काढला. सुलीच्या वडिलांनीही काकांपुढे हात जोडले, की पोरीचं वय काय आहे, अशी किती दिवस ठेवणार. माझ्याच घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. ती मुलगी खेळता खेळता सुलीच्या मांडीवर झोपली, तर पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी सुली हलली नाही. मला तेव्हाच बरं वाटलं.

पण सुरेशचं काय? मग आमच्याकडे करतात तसं केलं. माणूस वर्षानुवर्षं बेपत्ता असला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेरावं घालतात, आणि बायको मोकळी होते. पुतळ्याला अग्नी दिलीपनेच दिला. काका तिथे ठोकळ्यासारखे उभे होते. सुलीचं मंगळसूत्र काढलं. मावशीला कोणी काही विचारलं नाही. विचारून ती काय सांगणार होती? तिला आतल्या खोलीत ठेवलं होतं. पुतळा बाहेर नेला तेव्हा ती डाव्या हाताने भिंतीवर थापा मारत राहिली. मी तो आवाज ऐकला आणि दार लोटून घेतलं.

ठरलं असं की आधी मावशीच्या मुलीचं, प्रमिलाचं लग्न होऊन जाऊ दे, मग पंधरा दिवसांनी सुलीचं साधं देवळात लावायचं.

प्रमिलाच्या घाण्याच्या सकाळी मावशीला नवीन लुगडं नेसवून खांबाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. नेसवलं अर्थातच सुलीने. सुलीला मात्र मुसळाला हात लावू दिला नाही. काकांच्या बहिणीने सगळ्यांसमोर सांगितलं, "तू लांब ऱ्हा गो. तुझं आता ना इथलं, ना तिथलं. पाणी आण जा." सुली हंडा उचलून गेली. मी काही तरी बोलले असते, पण मंगलकार्यात तोंड वाजवायचं नाही म्हणून गिळलं.

मुसळं पडायला लागली. बायकांनी देवांची नावं घेतली आणि पुढे गाडी अडली. मावशीच्या ओव्या कोणाला धड येत नव्हत्या. कोणी तरी मोबाईलवर हळदीचं डीजे गाणं लावलं, कोणी ते बंद करायला लावलं, हसाहशी सुरू झाली... आणि त्या गोंधळात मावशी गायला लागली.

मला आधी वाटलं कोणा म्हातारीने उचललं. मग मुसळं थांबली. सगळ्या एकाच दिशेला बघत होत्या. मावशीचं तोंड अजून वाकडंच होतं, उजवा हात मांडीवर पडलेला, पण आवाज चक्क तिचा. पूर्वीचा, शेताच्या पार टोकापर्यंत जाणारा. काकांचे बैल झाले, माझी भाकर झाली. बायका रडायला लागल्या, प्रमिला तर हमसून हमसून. मीही रडले, खोटं कशाला बोलू. मी मुसळाला हात लावला आणि म्हटलं, "कांडा गं, थांबू नका, ती गातेय."

दिलीपची ओवी झाली. तो मांडवाच्या कडेला खुर्च्या लावत होता, आपलं नाव ऐकून हसत पुढे आला. आणि मावशीने पुढची ओवी उचलली.

सुऱ्या माझा लेक गो दाढीनं झाकला,
कल्याणच्या ष्टांडाव दिल्यानं देखला.
देखला नि दिल्या गो जीपमधी चढला,
घरी येऊन त्याचा पुतळा जाळला.

मुसळं बंद. दिलीपचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि रंग मात्र उतरत गेला, हे मी समोरून बघितलं. तेवढ्यात सुली हंडा घेऊन मांडवात आली. तिने यातलं काही ऐकलं नव्हतं. मावशीने मान वळवली, सरळ तिच्याकडे बघितलं आणि गायलं:

सून माझी सुली गो केवढी तिची हौस,
एक नवरा जिता नि दुसऱ्याचा सोस.

एवढं गाऊन ती थांबली. मग पुन्हा "आं... आं...", तोंडातून लाळ. सुलीने हंडा खाली ठेवला आणि पदराने ती लाळ पुसली. सवयीने.

पुढचं फार भरभर झालं. काकांना बाहेरून बोलावलं. त्यांनी दिलीपची गचांडी धरली आणि एकच विचारलं, "देखला का नाय?" दिलीप गप्प. त्याचं गप्प राहणंच सगळ्यांना पुरलं. काका ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तिनं जिता म्हणून गायला. मेलेल्याचं ती गात नाय. माझा पोरगा जिता हाय." काकांच्या बहिणीने आत जाऊन पेटीतलं मंगळसूत्र आणलं आणि सगळ्यांदेखत सुलीच्या गळ्यात घातलं. ज्या बाईने तासाभरापूर्वी तिला मुसळाला शिवू दिलं नव्हतं, तीच आता तिचा हात धरून म्हणत होती, "ये, घाणा भर. तू सवाष्ण हायेस." आणि सुलीने मुसळ धरलं. मी मध्ये पडले. म्हटलं, काका, हिच्या आयुष्याचा निकाल तुम्ही गाण्यावर लावणार? काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू शिकलेली. तुला नाय कळायचं." वाशिंदला त्याच दुपारी फोन गेला की लग्न मोडलं.

दिलीपला मी गोठ्यामागे गाठलं. तो पेंढ्यावर बसून रडत होता. म्हणाला, "ताई, वरीस झालं. कल्याणच्या ष्टांडावर भज्याच्या गाडीपाशी एक दाढीवाला उभा व्हता. मला वाटलं सुऱ्या. त्यानं पण माझ्याकडं बघितलं नि पाठ केली. जीप भरली व्हती, डायवर बोंबलत व्हता. मी चढलो."

"उतरला का नाहीस?"

"सुलीचं जुळत व्हतं ना ताई. आणि तो असता तर त्यानं पाठ कशाला केली असती? मी सोताला सांगितलं, नसंल तो."

"कोणाला बोललास? बायकोला? दारूच्या नशेत कुठे?"

त्याने पोरांची शपथ घेतली. कोणाला म्हणजे कोणालाच नाही. मी विचारलं, मावशीच्या खाटेशी बसून कधी मन मोकळं केलंस का, मुकी आहे म्हणून? तर म्हणाला, "ताई, काकीला अटॅक आल्यापास्न मी तिच्या खोलीत पाय ठेवला नाय. मला बघवत नाय." हे खरं होतं. सुलीही नेहमी तेच म्हणायची, की दिलीपभावजी उंबऱ्यातूनच विचारून जातात.

मी गप्प बसणारी नाही. दिलीपला घेऊन दुसऱ्याच आठवड्यात कल्याणच्या स्टँडवर गेले, सुरेशचा लग्नातला फोटो हातात घेऊन. भजीवाल्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "दाढी लगाके देखो तो आधा कल्याण ऐसाच दिखता है." आम्ही पुन्हा गेलो, परत गेलो. काही हाती लागलं नाही. तो सुरेश होता की नव्हता, हे आजही कोणाला माहीत नाही.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वाचा गेलेले पेशंट कधी कधी जुनी गाणी अख्खी म्हणतात, गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते, यात चमत्कार काही नाही. मला एवढं हायसं वाटलं की विचारू नका. मग मी विचारलं, आणि नवीन ओव्या? ते म्हणाले, जुनं पाठ असलेलं येतं, नवीन रचता येणं कठीण आहे... तुमचा ऐकण्यात काही गोंधळ झाला असेल. वीस बायकांचा एकाच वेळी, एकाच शब्दांचा गोंधळ?

घाण्याच्या त्या संध्याकाळी मी मावशीच्या खाटेजवळ गेले होते. सुली तिला पेज भरवत होती. गळ्यात ते मंगळसूत्र, हाताला हळद. मी मावशीला म्हटलं, "का गं असं केलंस? हिने तुझं काय वाईट केलं होतं?" मावशीने माझ्याकडे बघितलं, ओळखीचं काही दिसलं नाही, आणि पुढच्या चमच्यासाठी आ केला. सुली म्हणाली, "राहू द्या ताई. आत्याबाईंनी घेतलं मला एकदाचं गाण्यात." ती चिडून म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती साधंच म्हणाली.

मावशी पुढच्या दिवाळीआधी गेली. तोवर तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. वाशिंदच्या त्या माणसाने काही महिने वाट बघितली, माझ्या दुकानात येऊन दोनदा विचारून गेला, मग त्याने दुसरं लग्न केलं. त्याचं काही चुकलं नाही. दिलीप आता सुलीसमोर उभा राहत नाही. काकांचं सगळं सुलीच करते. मी तिला कितीदा म्हटलं, माझ्याकडे ये, दुकानात बस, पगार देते. ती म्हणते, "ते आले आणि घराला कुलूप असलं तर?"

आणि गावात ही गोष्ट कशी सांगतात माहिती आहे? आईची माया. मुकी झाली होती, पण लेकासाठी देवाने तोंड उघडलं. पाहुणेरावळे मुद्दाम ऐकायला येतात, डोळे पुसतात, काकांच्या पाया पडतात. सुली आतून त्यांना चहा आणून देते.

घरात पडून असलेल्या बाईला कल्याणचा स्टँड कसा दिसला, सांगता येत नाही. तिला इतकं दिसत होतं तर तो कुठे राहतो तेवढं का गायली नाही, तेही नाही. आणि मला सगळ्यात जास्त छळतं ते हे, की जिच्या हातचं खाऊन ती चार वर्षं जगली, तिच्यासाठी तिला तीच एक ओवी सुचावी? भुताखेताने केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तो आवाज माझ्या मावशीचा होता.

मागच्या महिन्यात गेले होते. सुली अंगणात तांदूळ पाखडत होती. मी शेवटचं म्हणून सांगून बघितलं, की अगं ते गाणं विसर, आजारी बाईच्या तोंडून काहीबाही निघालं असेल. तिने सूप थांबवलं नाही.

"नाय ताई. आत्याबाई खोटं कधी गायल्या नाय. ते हायेत," ती म्हणाली. मग खाली बघतच, "हायेत, तर मग येत का नाय?"

मी तिच्याजवळ बसून राहिले. शेवटची एसटी चुकेल म्हणून काकांनी आतून हाक मारली, तेव्हा उठले.